लिस्बन: एका सकाळी मोडलेलं शहर पायी कसं पाहावं

[मागे दगडी कमानी. कॅमेरा हळूहळू वर जातो.]

नमस्कार मंडळी! आधी जरा वर बघा. खांब आहेत, कमानी आहेत, आणि छपराच्या जागी निळं आकाश. हे लिस्बनमधलं कार्मोचं कॉन्व्हेंट, म्हणजे मठ. १३८९ साली बांधायला घेतलेलं, एके काळी या शहरातल्या सगळ्यात मोठ्या चर्चपैकी एक.

मी वसईची. बिनछपराचं चर्च मला नवीन नाही. आमच्या किल्ल्यात लहानपणापासून तेच बघत आले. पावसाळ्यात आत कमरेएवढं गवत, भिंतीतून उगवलेले पिंपळ. त्यामुळे इथे पाऊल टाकलं आणि क्षणभर वाटलं, मी घरीच आहे. पण दोन्हीकडची गोष्ट वेगळी आहे. वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली आणि त्यानंतर किल्ल्यातली चर्चं वर्षानुवर्षं हळूहळू ओस पडत गेली. हे छप्पर मात्र एका सकाळी, काही मिनिटांत खाली आलं. तारीख १ नोव्हेंबर १७५५, लिस्बनचा मोठा भूकंप. पुढे दुरुस्ती सुरू झाली, ती अर्धवट राहिली, आणि एकोणिसाव्या शतकात ठरलं की आता हे असंच ठेवायचं.

लिस्बनला येणार असाल तर ही एक तारीख डोक्यात ठेवून या, एवढंच मला आज सांगायचंय. ती माहीत नसेल तर हे शहर म्हणजे पिवळी ट्राम, निळ्या फरशा आणि अंड्याचे गोड टार्ट. माहीत असेल तर प्रत्येक गल्ली विचारते, मी त्या सकाळच्या आधीची की नंतरची?

[चालता चालता, आल्फामाच्या पायऱ्या]

आम्ही चौघी, कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. पाठीवर एकेक बॅग, मुक्काम हॉस्टेलच्या सहा खाटांच्या खोलीत. बॅग पाठीवरचीच आणा, हे अगदी कळकळीनं सांगते. इथल्या फुटपाथांवर चुनखडीचे आणि बसाल्टचे छोटे छोटे चौकोनी दगड बसवलेले असतात. दिसायला रांगोळी, पण चाकाची बॅग त्यावर दहा पावलं नीट चालत नाही, आणि पाऊस पडला की ते दगड साबणासारखे होतात. तळ घासलेला बूट आणू नका.

हॉस्टेलच्या काउंटरवर मुलीनं किल्ली पुढे केली आणि म्हणाली, 'शाव्ह'. लिहितात 'चावे'. आपली चावी! मग दोन दिवस आमचा तोच खेळ. मेन्यूकार्डावर बटाटा म्हणजे 'बाताता', पावाला 'पाँव', अननसाला 'अनानाश'. आपल्या स्वयंपाकघरात हे शब्द चारशे-पाचशे वर्षं आहेत, आणि ते परके आहेत असं आपल्याला कधी वाटलंच नाही.

आता ही आल्फामा. नाव अरबी आहे, 'अल-हम्मा', म्हणजे गरम पाण्याचे झरे. दोन माणसं समोरासमोर आली की एकीनं भिंतीला टेकायचं, इतक्या अरुंद गल्ल्या. वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, दारात खुर्ची टाकून बसलेल्या आज्या. हा भाग टेकडीच्या खडकावर उभा आहे, म्हणून १७५५ मध्ये बराचसा वाचला. म्हणजे त्या सकाळच्या आधीचं लिस्बन कसं होतं, ते इथे चालून कळतं. नकाशा बंद करा. चुकलात तरी हरकत नाही, उतार धरला की नदी येतेच.

चढ धरलात तर सांता लुझिया नावाचं छोटं चर्च लागतं. शेजारी सज्जा आहे, तिथून तेजो नदी दिसते. सगळे नदीकडे तोंड करून फोटो काढतात. तुम्ही पाठ फिरवून चर्चच्या बाहेरच्या भिंतीकडे बघा. निळ्या-पांढऱ्या फरशांवर नदीकाठच्या चौकाचं चित्र आहे, भूकंपाआधीचं. त्यातला राजवाडा नीट बघून घ्या. उताराखाली गेल्यावर तो तुम्हाला सापडणार नाही.

[नदीकाठचा मोठा चौक, मागे घोड्यावरचा राजा]

हाच तो चौक. नाव 'प्रासा दु कोमेर्सिउ', व्यापार चौक. पण जुने लोक अजून त्याला 'तेरैरु दु पासु' म्हणतात, राजवाड्याचं पटांगण. राजवाडा जाऊन पावणेतीनशे वर्षं होत आली, नाव मात्र जात नाही.

इथे थोडं थांबते, कारण सगळं इथेच घडलं.

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ. चर्चं खच्चून भरलेली, प्रत्येक वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या, घराघरांत चूल. आणि जमीन हलायला लागली. भूकंपाचं केंद्र समुद्रात, नैर्ऋत्येला. तीव्रता साडेआठ ते नऊच्या घरात असावी, असा आजचा अंदाज आहे. दगडी छतं प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर आली. जे वाचले ते मोकळ्या जागेकडे धावले, आणि शहरातली सगळ्यात मोकळी जागा कुठली? हा नदीकाठ. इथे उभं राहून त्यांनी पाणी मागे हटताना पाहिलं. तळाशी रुतलेली जुनी, फुटकी जहाजं उघडी पडली. आणि मग लाट आली.

ज्यांनी अगदी शहाण्या माणसासारखं केलं, भिंतींपासून लांब पळाले, त्यांना समुद्रानं गाठलं. ही गोष्ट मी या चौकात उभी राहून मैत्रिणींना सांगायला गेले आणि मला पुढे बोलता येईना.

लाटेनंतर आग. सणाच्या मेणबत्त्या आणि चुली, त्यांनी पेटलेलं शहर पाच-सहा दिवस जळत होतं. राजवाडा गेला. त्यातलं सत्तर हजार ग्रंथांचं ग्रंथालय गेलं. त्याच वर्षी, मार्च अखेरीस सुरू झालेलं नवंकोरं ऑपेरा हाउस गेलं. भारताशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरी, 'काझा दा इंडिया', तीही कागदपत्रांसकट गेली. माणसं किती गेली यावर इतिहासकारांचं एकमत नाही. तीस ते पन्नास हजार हा आकडा पुष्कळ ठिकाणी दिला जातो.

राजा पहिला जुझे त्या दिवशी बेलेंला, म्हणजे पश्चिमेकडच्या नदीकाठच्या भागात होता, म्हणून वाचला. पण त्यानं दगडी छताची अशी धास्ती घेतली की पुढे आयुष्यभर लाकडी वाड्यात राहिला. चौकात घोड्यावर बसलाय तो हाच.

[रुआ ऑगस्टा, दोन्ही बाजूंना एकसारख्या इमारती]

आता नदीकडे पाठ करून या कमानीखालून आत या. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात, खिडक्या एका मापाच्या, नक्षी जवळजवळ नाहीच. हा भाग म्हणजे बाइशा. आल्फामातून आलात की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

हे उभं केलं राजाच्या मंत्र्यानं. सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यु इ मेलु, पुढे झालेला मार्केस ऑफ पोंबाल. माणूस कठोर होता, लुटारूंसाठी त्यानं जागोजागी फासाचे खांब उभे केले. पण शहर नव्यानं कसं बांधायचं हा विचार त्याच्याइतका नेटानं फार थोड्यांनी केला असेल. मुख्य अभियंता मानुएल दा माया ऐंशीच्या घरातला होता. त्यानं पर्याय लिहून दिले: होतं तसंच बांधा, गल्ल्या रुंद करून बांधा, सगळं सपाट करून नवं बांधा, नाहीतर शहरच बेलेंच्या बाजूला हलवा. निवड झाली ती सपाट करून नव्यानं बांधण्याची.

आमच्यातली एक सिव्हिल इंजिनिअर आहे, लातूरची. बाकी आम्ही दुकानांच्या काचा बघत होतो आणि ती एका जुन्या इमारतीच्या दारात मान आत घालून उभी. दुरुस्तीचं काम चालू होतं, भिंतीचा गिलावा काढलेला. आत लाकडाचा सांगाडा: उभे वासे, आडवे वासे, आणि प्रत्येक चौकटीत फुलीसारखे तिरके वासे. मधल्या जागेत दगड-विटांची भर. याला म्हणतात 'गायोला', म्हणजे पिंजरा. जमीन हलली की पिंजरा वाकतो, कुरकुरतो, पण मोडून माणसांवर येत नाही. त्याचा नमुना करून सैनिकांना भोवती पाय आपटत चालायला लावलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. इमारतींच्या मधल्या भिंती छपराच्याही वर नेल्या, एका घराची आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. खालची जमीन ओली, भुसभुशीत, तर पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकून त्यावर पाया. ते खुंट रुआ दुश कोर्रिएरुशमधल्या एका तळघरात बघायला मिळतात, शेजारीच रोमन काळातली मासळी खारवायची टाकी आहेत. वसईत सुक्या बोंबलाच्या वासात वाढलेल्या मला ती टाकी बघून काय वाटलं, ते वसईकरांना सांगायला नको.

रस्त्यांची नावं वाचत चला. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. नव्या शहरात प्रत्येक धंद्याला त्याचा रस्ता वाटून दिला होता, अगदी आपल्या पेठांसारखा.

माझी मैत्रीण त्या दारातून हलायला तयार नव्हती. तिच्या आजीचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. दगड-मातीच्या जाड, जड भिंती, एकमेकींना कशानंच न बांधलेल्या. ती म्हणाली, "दोनशे वर्षं आधी इथे हे सुचलं होतं गं." एवढंच. आम्ही तिघी तिच्याजवळ नुसत्या उभ्या राहिलो.

[बसमध्ये, खिडकीबाहेर नदी]

बेलेंबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे सगळे जातातच. जेरोनिमुश मठ भूकंपात मोठ्या प्रमाणात वाचला. आत वास्को द गामाची कबर आहे. बेलेंच्या मनोऱ्यावर एका बुरुजाखाली गेंड्याचं झिजलेलं डोकं शोधा. गुजरातच्या सुलतानाकडून भेट आलेला एक गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजानं इथे पोचला होता, त्याची ही आठवण. टार्ट खा, दालचिनी भुरभुरून.

त्यापेक्षा आल्फामाच्या माथ्यावरच्या साओ व्हिसेंत द फोरा मठात तास जास्त घालवा, असं मी म्हणेन. तिथे ब्रागांझा या पोर्तुगालच्या राजघराण्याच्या कबरी आहेत, त्यांत एक कॅथरीनची. १६६१ च्या तहात तिच्या लग्नासाठी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, तीच ही. वसई मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. रोज विरार लोकलनं खाडी ओलांडून नोकरीला जाणारी मी, त्या दगडासमोर बराच वेळ उभी होते. वसई एकाची आणि मुंबई दुसऱ्याची, हे या बाईच्या लग्नात ठरलं होतं.

[साओ दोमिंगुश चर्च, आत. आवाज हळू.]

शेवटची जागा. रोसियो चौकाच्या कोपऱ्यावरचं साओ दोमिंगुश. १५०६ मध्ये इथून ज्यूंच्या, म्हणजे जबरदस्तीनं ख्रिस्ती केलेल्या ज्यूंच्या कत्तलीला सुरुवात झाली. बाहेर चौकात तिचं स्मारक आहे. १७५५ मध्ये हे चर्च पडलं. पुन्हा बांधलं. १९५९ मध्ये आग लागली. या वेळी डागडुजी करताना खांबांना गिलावा केला नाही. बघा, आगीनं तडकलेले, ढलप्या उडालेले खांब तसेच आहेत आणि रोज प्रार्थना चालते. शेजारी कुणीतरी नारिंगी रंगाच्या भिंतींचा फोटो काढतंय, या दगडांना हात लावायला मात्र धीर होत नाही.

[चर्चबाहेरच्या पायऱ्या]

इथे बसून मी मैत्रिणींना पोंबालची प्रश्नावली सांगितली. भूकंपानंतर त्यानं देशभरातल्या पाद्रींना प्रश्न पाठवले. किती वाजता सुरू झाला? किती वेळ टिकला? धक्का एका बाजूनं जास्त होता का? किती घरं पडली, किती माणसं गेली? समुद्र आधी चढला की उतरला? झऱ्यांत, विहिरींत काही फरक पडला का? देवाचा कोप असं सगळे म्हणत असताना त्यानं हे विचारलं. त्यातली बरीच उत्तरं तोर्र दु तोंबु या सरकारी दप्तरखान्यात आजही जपलेली आहेत.

लातूरच्या मैत्रिणीनं घड्याळ बघितलं. इथे दुपारचे तीन, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात. तिनं आजीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आधी जेवणाची चौकशी झाली, थंडी आहे का विचारून झालं. मग ती म्हणाली, "आजी, त्या पहाटे किती वेळ हललं गं?"

पलीकडे बराच वेळ आवाज नाही.

"किती येळ ते काय सांगावं माय. लेकरू उचललं न् दारातून भाईर आले, तेवढा येळ. मागं वळले तर भित नव्हती."

"धक्का कुठल्या बाजूनं होता?"

"खालून."

"आणि विहिरीचं पाणी?"

"गढूळ झालं होतं. आन् वरीसभर आधीपासून जमीन गुरगुरत होती, ते बी लिव्ह." मग जरा थांबून आजी म्हणाली, "तू लिहून घ्यायलीस ना?"

तिनं बॅगेतून वही काढली.