४५० वरून खाली

(दृश्य: सुरुवातीचं गेट. ओळीत उभ्या बाइक, इंजिनांचा आवाज चढत जातो.)

मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या खडबडीत, उड्यांच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यतीत, वर जायची शिडी इंजिनाच्या आकारानुसार ठरलेली आहे. आधी ६५ सीसी, मग ८५, मिसरूड फुटायच्या सुमारास १२५ किंवा २५०, आणि अंगात ताकद भरली की ४५०. चढताना घरचे मदत करतात, क्लब मदत करतो, नशीब असेल तर एखादी कंपनीही पाठीशी उभी राहते. उतरायचं मात्र ज्याचं त्याने ठरवायचं असतं. बहुतेक जण ते लांबवतात. काही तर एखादं हाड मोडेपर्यंत लांबवतात.

या ओळीतले बरेचसे रायडर चाळिशी ओलांडलेले आहेत, काही पन्नाशीच्याही पुढचे. हेल्मेट घातलं की चेहरा दिसत नाही, पण गुडघ्याचे ब्रेस आणि मनगटावरच्या पट्ट्या वय सांगून जातात. यातल्या काहींच्या खाली आज ४५० नाही, २५० आहे. एकदोघांनी तर चक्क १२५ टू-स्ट्रोक, म्हणजे साध्या, जुन्या धाटणीच्या इंजिनाची गाडी आणली आहे.

वय झालं म्हणून? हो, वय झालं म्हणूनच. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिशीनंतर शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता हळूहळू घटते, हृदयाचे जास्तीत जास्त ठोके कमी होत जातात, आणि मोटोक्रॉस हा तर हृदय सतत वरच्या टोकाला पळवणारा खेळ. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. लहान गाडीवर आल्यावर काही जण जास्त वेगाने जायला लागतात. ते का, हे समजून घ्यायला इंजिन उघडावं लागेल.

(दृश्य: वर्कशॉपमधलं टेबल. दोन पिस्टन शेजारी शेजारी.)

डावीकडचा पिस्टन होंडाच्या ४५० चा, व्यास ९६ मिलिमीटर. उजवीकडचा त्याच कंपनीच्या २५० चा, ७९ मिलिमीटर. आता या दोन्ही गाड्या वजनकाट्यावर ठेवल्या तर फरक निघतो साधारण सात किलोंचा. शंभराच्या वर वजन असलेल्या गाडीत सात किलो म्हणजे विशेष काही नाही. तरीही ४५० वरून २५० वर बसलेला प्रत्येक जण पहिल्या दोन लॅपनंतर हेच म्हणतो की गाडी अर्धी झाली.

हा फरक काट्यावर दिसत नाही, कारण तो इंजिनाच्या पोटात फिरत असतो. मोठ्या पिस्टनसोबत जड क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, येतो, आणि वेगाने फिरणारी जड वस्तू आपली दिशा सहजासहजी बदलू देत नाही. गाडी वळणात आडवी टाकायची, बाहेर पडताना उभी करायची, उडीत तिरकी झाली तर हवेतच सरळ करायची, दर वेळी रायडर त्या फिरणाऱ्या वजनाशी कुस्ती खेळतो. त्यात ॲक्सिलरेटर सोडला की मोठं इंजिन गाडीला मागे खेचतं, पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, दबतो आणि रायडरचा सगळा भार मनगटांवर येतो.

आणि ताकद? आजची ४५० पन्नासहून जास्त हॉर्सपॉवर देते, २५० फोर-स्ट्रोक चाळिशीच्या आसपास. सरळ पट्ट्यात हा फरक हवाहवासा वाटतो. खड्ड्याखड्ड्यांच्या वळणातून बाहेर पडताना मात्र हीच ताकद रायडरला मागे फेकते. मागे फेकला गेलेला माणूस हँडल घट्ट धरतो. घट्ट धरलं की ॲक्सिलरेटर नकळत आणखी पिळला जातो. मग गाडी रायडरला चालवते.

(दृश्य: शर्यत संपल्यानंतर पिटमध्ये. हातांचा क्लोजअप.)

हे हात नीट पाहा. ग्लोव्ह काढताना दुसऱ्या हाताची बोटं वळत नाहीत. हेल्मेटचा बंद सुटत नाही, शेवटी शेजारी उभ्या मुलाला सोडवावा लागतो. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगडासारखे झालेत. रायडर याला ‘हात भरून आले’ म्हणतात. सतत आवळल्यामुळे स्नायूंमध्ये रक्त साचतं, आतला दाब वाढतो, आणि मग ब्रेकचा लिव्हर दाबायलाही बोटांत जोर उरत नाही. उडीनंतरच्या वळणात ब्रेक न लागणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

लहान गाडीवर हात भरून येत नाहीत असं नाही, येतात. पण उशिरा येतात. पंधरा-वीस मिनिटांच्या शर्यतीत शेवटच्या चार लॅप नीट चालवता आल्या, तर सुरुवातीला गमावलेल्या बऱ्याच जागा परत मिळतात.

(दृश्य: जुन्या शर्यतींची छायाचित्रं.)

मोठ्या गाडीवरचा माणूस लहान गाडीवर आला की काय करू शकतो, याचं माझ्या मते सगळ्यात देखणं उदाहरण २००३ सालचं आहे. बेल्जियमचा स्टेफान एव्हर्ट्स तेव्हा तिशीत पोहोचला होता. पहिलं जगज्जेतेपद त्याने १९९१ मध्ये १२५ सीसी वर्गात मिळवलं होतं, त्याला एक तप उलटून गेलं होतं. त्या मोसमात तो मुख्य, म्हणजे ४५० च्या वर्गात तर उतरलाच, शिवाय १२५ च्या वर्गातही उतरला. नाव १२५ चं असलं तरी त्या वर्गात २५० फोर-स्ट्रोकला परवानगी होती, आणि एव्हर्ट्सकडे यामाहाची तीच गाडी होती. फ्रान्समध्ये एर्ने इथे त्याने एकाच दिवशी १२५, मुख्य वर्ग आणि ६५० अशा तिन्ही ग्रां प्री जिंकल्या. १२५ चं विजेतेपद त्या वर्षी त्याच्याच देशाच्या स्टीव्ह रामोनला मिळालं, एव्हर्ट्स दुसरा आला.

त्याची शैली आठवा. जवळपास पूर्ण लॅप फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, उभा. पाय गाडीला चिकटलेले, हात सैल, ॲक्सिलरेटर दोरा ओवावा तितक्या अलगद उघडणारा. लहान गाडीला नेमकं हेच लागतं.

(दृश्य: एकच वळण, दोन रायडर. आधी ४५०, मग २५०.)

वळण तेच, तो आतल्या बाजूचा चरही तोच. ४५० वाला सरळ पट्ट्यात भन्नाट येतो, उशिरा ब्रेक लावतो, वळणात जवळजवळ थांबतो आणि मग पिकअपच्या जोरावर बाहेर पडतो. चूक झाली तरी इंजिन सावरून घेतं. आता २५० वाला. तो ब्रेक आधीच सोडतो, वेग टिकवूनच चरात शिरतो, वळणाच्या मध्यावर क्लच एका बोटाने किंचित ओढतो आणि लगेच सोडतो, म्हणजे इंजिनाचे फेरे पडत नाहीत. वेग एकदा गेला की तो परत आणायला या गाडीकडे ताकद नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या शेवटावर ठेवावी लागते. ४५० वर वीस वर्षं काढलेल्या माणसाला ही सवय मोडून पुन्हा शिकायची म्हणजे सोपं नाही. पहिले काही आठवडे तो चुकीच्या गिअरमध्येच असतो.

१२५ टू-स्ट्रोक तर याहून कडक मास्तर आहे. यामाहाची वायझेड १२५ पेट्रोलसकट ९५ किलोंची. तिची ताकद इंजिनाच्या फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच मिळते, त्याखाली गाडी नुसती भुणभुणते. पण पिस्टन बदलायचा झाला तर घरच्या शेडमध्ये एका दुपारी होतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमची चेन नाही. उलट २५० फोर-स्ट्रोक शर्यतीत मिनिटाला चौदा हजार फेऱ्यांच्या आसपास पळवली जाते, तिच्या इंजिनाचा वरचा भाग वेळेवर उघडला नाही तर ती एक दिवस स्वतःच उघडते. लहान गाडी म्हणजे कमी खर्च, हा हिशेब प्रत्येक वेळी जुळत नाही.

(दृश्य: डोंगरउतारावरचा ट्रॅक, वरून.)

आता दुसरी बाजू. व्हेटरन, म्हणजे वयाने मोठ्या रायडरांचा सगळ्यात नावाजलेला मेळा कॅलिफोर्नियात ग्लेन हेलनला भरतो. तिथे वर्ग वयाचे: तीस, चाळीस, पन्नास, साठच्या पुढचे, अगदी सत्तरीचेही. आणि ट्रॅक कसा, तर लांबच लांब चढण, आणि सुरुवातीचं पहिलं वळण इतकं मोठं आणि वेगवान की तिथे निव्वळ इंजिन बोलतं. म्हणजे लहान गाडीचा ज्यांना सर्वाधिक उपयोग, त्यांची पंढरी नेमकी मोठ्या गाडीला फितूर! अशा ठिकाणी २५० वाला गेट पडताच मागे पडतो आणि उरलेली शर्यत समोरच्यांची धूळ खात एकेकाला गाठत बसतो. खोल वाळूच्या ट्रॅकवरही तेच.

एक तक्रार तरुणांचीही आहे, आणि ती मला रास्त वाटते. वयाच्या गटात न खेळता एखादा जुना व्यावसायिक रेसर थेट २५० च्या खुल्या वर्गात उतरतो, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या पुढे करंडक उचलतो. नियमात बसतं, पण मान खाली घालावी असं काहीतरी त्यात आहेच. जागतिक स्पर्धेत हा प्रश्न येत नाही. तिथे २५० च्या, म्हणजे एमएक्स-२ वर्गाला २३ वर्षांची वयोमर्यादा आहे. राष्ट्रांच्या सांघिक स्पर्धेत मात्र ती आड येत नाही. तिथे प्रत्येक देशाच्या तिघांपैकी एकाला २५० चालवावीच लागते. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या मॅटर्ली बेसिनला अमेरिकेसाठी ही जबाबदारी कूपर वेबने घेतली. ४५० चं सुपरक्रॉस (स्टेडियममधल्या मोटोक्रॉसचं) विजेतेपद तोवर दोनदा मिळवलेला, अठ्ठावीस वर्षांचा माणूस. संघ दुसरा आला, त्याला उतरल्याबद्दल कुणी हसलं नाही.

(दृश्य: स्टँडवर चढवलेली २५०. मागची स्प्रिंग बदलली जातेय.)

शोरूममधून आणलेली २५० जशीच्या तशी ट्रॅकवर नेली तर व्हेटरन रायडरची निराशा ठरलेली. या गाड्यांच्या स्प्रिंगा सत्तर किलोंच्या आसपासच्या पोरांसाठी बसवलेल्या असतात. नव्वद किलोंचा गडी बसला की मागचा भाग खाली जातो, पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणात गाडी बाहेर पळते. मग दोष लहान गाडीला. म्हणून आधी कडक स्प्रिंगा, रायडर पूर्ण पोशाखात बसल्यावर मागचं सस्पेन्शन सुमारे १०० ते १०५ मिलिमीटर दबेल अशी जुळणी, आणि मागच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चक्राला) एखाद-दोन दाते जास्त, म्हणजे वळणातून निघताना गाडी दम खाणार नाही.

एवढं करूनही काही जण परत ४५० कडे जातात. कुणाचं वजन जास्त असतं, कुणाच्या जवळचा ट्रॅक चढणीचा असतो, कुणाला त्या पिकअपशिवाय करमतच नाही. काही जण मधली वाट धरतात. केटीएमची ३५० याच मधल्या जागेसाठी आली आणि व्हेटरनांमध्ये चांगलीच रुळली. तिला कुणी म्हाताऱ्यांची गाडी म्हटलं, तर पिटमधलं कुणीतरी २०१० ची आठवण काढतं. त्या वर्षी इटलीच्या अंतोनियो काइरोलीने सगळ्या ४५० वाल्यांना मागे टाकून मुख्य वर्गाचं जगज्जेतेपद घेतलं, ते याच ३५० वर. तेव्हा तो पंचविशीतच होता.