आभाळ आणि बर्फ एकाच डब्यातून

नमस्कार मंडळी! मागच्या महिन्यात मला हौस आली, बेल्जियमकडचा जुना चित्रकार ब्रुगेल, त्याचं ते ‘बर्फातले शिकारी’ आहे ना, ते अ‍ॅक्रिलिकमध्ये (पाण्यात कालवायचे, झटकन वाळणारे रंग) करून बघायचं. मूळ चित्र १५६५ चं, ओकच्या फळीवर ऑइलमध्ये केलेलं, आता व्हिएन्नाला असतं. डावीकडे तीन पाठमोरे शिकारी, माना खाली, मागे कुत्र्यांचं टोळकं, आणि एवढ्या सगळ्यांची मिळून शिकार काय तर एक कोल्हा! बाजूला खानावळ, तिची पाटी एकाच हुकावर लोंबतेय, आणि खाली गोठलेल्या तळ्यांवर मुंगीएवढी माणसं स्केटिंग करतायत. लांबचे ते टोकदार सुळके बेल्जियमकडे नाहीतच हो, पठ्ठ्या इटलीला जाताना आल्प्स बघून आला होता, ते आणून इथे बसवले.

मूळ साइज साधारण ११७ बाय १६२ सेंटिमीटर, म्हणून मी १३ बाय १८ इंचाचा बोर्ड कापून घेतला, प्रमाण बरोब्बर जुळतं. एकेक इंचाच्या चौकटी आखल्या, झाडं-घरं बसली. वाट लागली ती आभाळात.

ते आभाळ निळं नाहीये, हिरवट राखाडी आहे, आणि खालच्या तळ्यांवरच्या बर्फाचाही जवळजवळ तोच रंग. सगळी थंडी त्या एका रंगात आहे. मी पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थेंबभर निळा घालून पॅलेटवर थोडा थोडा कालवत बसले, पुण्याचा मे महिना, पाच मिनिटांत साय धरायची, परत कालवा, आणि अ‍ॅक्रिलिक वाळलं की एक शेड डार्क होतं कारण त्यातला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट भाग, ओला असताना दुधासारखा असतो, वाळून पारदर्शक होतो. म्हणजे ओल्यावर मॅच केलेलं वाळल्यावर ठिगळ!

शेवटी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात एकदाच भरपूर रंग केला, कागदावर लावून वाळवून बघितला, झाकण घट्ट लावलं, आणि आभाळ नि तळी दोन्ही त्याच डब्यातून.

स्केटिंगवाली माणसं झीरो नंबरच्या ब्रशने, एक ठिपका डोकं, एक फराटा अंग, बास. मी एकाला डोळे काढायला गेले, तो बेडूक झाला, पुसला.

आता चित्र हॉलमध्ये लावलंय. परवा आईने जवळ जाऊन बघितलं, म्हणाली, ह्याच्या खांद्यावर टॉवेल कशाला गं? तो कोल्हा होता.