शोध टेबलावरच सुरू होतो

अध्यक्षसाहेब आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘तटरक्षक दल : इतिहास आणि कार्य’. सोलापुरात या विषयाला एवढ्या खुर्च्या भरल्या, याचं श्रेय मी सभागृहातल्या पंख्यांना देतो. बाहेर ऊन काय पेटलंय! (हशा)

टीव्हीवर बचाव म्हणजे हेलिकॉप्टर आणि दोरीला लटकलेला जवान. त्याचं धाडस मी कशाला नाकारू? पण शोधायचं कुठे, हे त्याआधी कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. त्या टेबलाचा फोटो कोणी काढत नाही. माझी अर्धी नोकरी त्याच टेबलाशी गेली, म्हणून जरा कड घेतो.

कोकण किनाऱ्यावर नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. मध्यरात्रीनंतर फोन : पंख्यात जाळं अडकून मशीन बंद पडलंय, बोट वाहतेय. कुठे? “बंदराच्या समोर, साहेब.” समोर म्हणजे पार आफ्रिकेपर्यंत समुद्रच की! केव्हापासून? “दिवेलागणीपासून.” मग इतका वेळ काय केलं? तर तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, मोबाइलची रेंज होती तेवढ्यात मेव्हण्याला फोन लावला, मेव्हण्यानं शेठला, शेठनं गावच्या पुढाऱ्याला. पुढारी लग्नात. तो मांडवातून बाहेर आला, तेव्हा आमचा नंबर शोधला गेला. बोटीवर वायरलेस होता बरं का. सोळा नंबरच्या चॅनेलवर हाक दिली असती तर आसपासच्या बोटींनीही ऐकली असती. पण वायरलेसवर बोललं की मासे कुठे लागलेत ते सगळ्यांना कळतं, म्हणून तो बंद!

आता हिशेब बघा. बोट ताशी एक सागरी मैल वाहतेय असं धरा. सहा तासांत सहा मैल, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. दिशा माहीत नसेल तर सगळं वर्तुळ शोधायचं, सुमारे 388 चौरस किलोमीटर. आपल्या महापालिकेची हद्द पावणेदोनशेच्या आसपास. म्हणजे दोन सोलापूर भरून वर उरलं. बारा तास गेले की वेळ दुप्पट, पण क्षेत्र चौपट : जवळजवळ नऊ सोलापूर. आणि त्यात शोधायचं काय, तर एक होडकं.

म्हणून आधी पेन्सिल आणि कर्कटक. वारा कुठून, प्रवाह कुठे, बोट भरलेली की रिकामी? रिकामी बोट पाण्यावर उंच बसते, तिला वारा जास्त ढकलतो. पाण्यात पडलेला माणूस मुख्यतः प्रवाहाबरोबर जातो, त्यामुळे त्याचं वर्तुळ वेगळं काढायचं. नकाशावर रेघ ओढून खोडून कागद तिथे मऊ पडला होता. उजाडल्यावर डॉर्नियर विमान उडालं, दुपारी बोट दिसली. खलाशांनी भात शिजवून खाल्लेला, आणि तांडेल आमच्यावरच चिडला : “साहेब, एवढा उशीर?”

अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय. पाच मिनिटं. बरं, इतिहास!

सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर सोन्याची, घड्याळांची तस्करी जोरात. कस्टम्सच्या बोटी अपुऱ्या, आणि त्यासाठी नौदलाच्या युद्धनौका अडकवणं परवडणारं नाही. त्यात 1974 मध्ये मुंबईसमोरच्या समुद्रात, बॉम्बे हायला, तेल लागलं; तेही राखायला हवं. त्याच वर्षी या राखणीचा विचार करायला रुस्तमजी समिती नेमली गेली. 1 फेब्रुवारी 1977 ला दल हंगामी स्वरूपात उभं राहिलं. नौदलाकडून मिळालेल्या दोन जुन्या फ्रिगेट युद्धनौका आणि पाच गस्ती नौका, एवढाच संसार. ऑगस्ट 1978 मध्ये कायदा झाला. पहिले महासंचालक व्हाइस अॅडमिरल कामत. आज सुमारे 46 लाख चौरस किलोमीटर समुद्रातल्या शोध-बचावाचा समन्वय या दलाकडे आहे; त्यासाठी मुंबई, चेन्नई आणि अंदमानात केंद्रं आहेत. इस्रोनं मच्छीमारांसाठी संकटसूचक यंत्र बनवलंय : बटण दाबलं की जागा उपग्रहामार्फत कळते. माझी पेन्सिल निवृत्त झाली म्हणा!

तुम्हाला वाटेल, आम्हाला काय त्याचं? मे 2024 मध्ये उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, सहा माणसं गेली. धरणाचं पाणीही पाणीच आहे. बोटीत बसण्याआधी जॅकेट घाला, पट्टे नीट आवळून. कोण, किती जण, कुठे आणि केव्हा निघालो, हे काठावर एका माणसाला सांगून ठेवा. समुद्रात अडकलात तर तटरक्षक दलाचा 1554, उजनीत अडकलात तर 112. मेव्हण्याला नंतर!