युद्धाचा वापसा

(दृश्य : अचलपूर तालुक्यातील एक शिवार, पौषातील रात्र. तुरीच्या शेतात उभी मचाण आणि तिच्यावर मोबाईलचा निळसर उजेड.)

सातपुड्याच्या पायथ्याशी तूर शेंगांवर आली की रानडुकरांपासून ती राखण्यासाठी शेतात रात्रभर जागल करावी लागते. या मचाणीवर दोघे भाऊ बसले आहेत. थोरला अधूनमधून पत्र्याचा डबा वाजवतो आणि धाकटा बॅटरीचा झोत धुऱ्यावरून फिरवून आणतो. मधल्या वेळेत दोघांमध्ये एकच मोबाईल हातोहात फिरतो. त्यावरचा खेळ ‘अनसिव्ह’ आहे. १९९१ साली सुरू झालेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळमालिकेचा पाचवा भाग २०१० साली आला, आणि त्याचे नियम आधारभूत धरून हा खेळ मुक्त-स्रोत पद्धतीने, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला ठेवून, नव्याने लिहिला गेला. त्याला पैसे लागत नाहीत आणि एकट्याने खेळायला रेंजही लागत नाही, त्यामुळे टॉवर न पोहोचणाऱ्या शिवारातही तो चालतो.

खेळाची सुरुवात इसवी सनपूर्व ४००० मध्ये होते. हाताशी वसाहत करणारी एक टोळी आणि एक योद्धा असतो, आणि भोवतालचा सारा नकाशा अंधारात असतो. पहिल्या शंभर खेळ्यांत लढाई करावी की विद्या वाढवावी, या प्रश्नावर खेळणाऱ्यांमध्ये कायम दोन तट पडतात. आमच्या मते हा प्रश्न चुकीच्या जागी उभा केला जातो, कारण लढाई आणि विद्या या दोन्हींची उचल एकाच कणगीतून होते, आणि ती कणगी म्हणजे लोकसंख्या. दर नागरिकामागे विज्ञानाचा एक गुण मिळतो, राजवाड्याचे तीन गुण मिळतात आणि ग्रंथालय बांधल्यावर दर दोन नागरिकांमागे आणखी एक गुण मिळतो. सहा नागरिकांच्या राजधानीला ग्रंथालयाशिवाय नऊ आणि ग्रंथालयासह बारा गुण मिळतात. शेत पिकले तर माणसे वाढतात, आणि माणसे वाढली तरच पुढच्या विद्येला बळ येते. तेच हात शेतावरून काढून सैन्य उभारायला लावले, तर विद्येचा वेग त्याच खेळीपासून मंदावतो.

थोरल्या भावाने मागच्या डावात हा हिशेब केला नव्हता. तिसाव्या खेळीच्या सुमारास त्याने सहा योद्धे जमवले आणि ते शेजारच्या राजधानीवर नेले. ती राजधानी टेकडीवर होती आणि तिच्या पायथ्याशी नदी होती. नदीपलीकडून केलेल्या हल्ल्याचे बळ घटते आणि टेकडीवरच्या शहराचे बळ वाढते, त्यामुळे चार खेळ्यांत सहाही योद्धे संपले. एका योद्ध्याला ४० उत्पादन लागते, म्हणजे एकूण २४० उत्पादन त्या नदीकाठी गेले. तेवढ्या उत्पादनात १०६ चा भाव असलेल्या दोन वसाहती उभ्या राहिल्या असत्या, किंवा ७५ चे एक याप्रमाणे तीन ग्रंथालये झाली असती. तो डाव शेवटपर्यंत चालला, पण खरे तर तो त्या नदीकाठीच हातचा गेला होता.

या खेपेला मोबाईल हाती घेताच धाकट्याने त्याला थांबवले. “दादा, आत्ताच कायले भिडतं? पयले मोठे धनुष्यवाले येऊ दे.”

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे सांगताना शब्द शोधावा लागत नाही. जमिनीत ओल फार असली तर तिफण चिखलात रुतते आणि ओल उडून गेली तर पेरलेले बी वाया जाते. या दोहोंमधल्या मोजक्या दिवसांत जमीन वापशावर असते, आणि पेरणी तेव्हाच साधते. या खेळातल्या सुरुवातीच्या युद्धालाही असाच वापसा असतो. साध्या तिरंदाजाचे लांबून मारण्याचे बळ ७ असते. बांधकामशास्त्र अवगत झाले की मिळणाऱ्या संयुक्त धनुर्धराचे बळ ११ असते, आणि आधीचे तिरंदाज सोने मोजून त्या दर्जाला चढवता येतात. शेजाऱ्याने तटबंदी बांधण्याआधी असे चार-पाच धनुर्धर त्याच्या वेशीपाशी उभे राहिले, तर त्याच्याजवळ उत्तर नसते. काही खेळ्या उशीर झाला, तर तेच धनुर्धर तटावर डोके आपटत बसतात.

म्हणून संशोधनाचा क्रम इथे युद्धाचाच भाग ठरतो. धाकट्याने प्रथम मातीकाम आणि लेखन घेतले आणि ग्रंथालयाला हात घातला. वसाहतीसाठी चांगली जागा दिसताच एक टोळी पाठवली, आणि मग चाक व दगडी बांधकाम या दोन विद्यांवरून तो बांधकामशास्त्राकडे वळला. दोघे भाऊ भारताच्या बाजूने खेळतात. इतर राष्ट्रांच्या रथी तिरंदाजाला घोडे लागतात, पण त्याच्या जागी भारताला मिळणाऱ्या युद्धहत्तीला ते लागत नाहीत, आणि तो चाकाबरोबरच हाती येतो.

(दृश्य : पडद्यावर षटकोनी घरांचा नकाशा. नदी, जंगल आणि टेकडीवरचे शहर.)

आता वेढा पाहू. शहराची ताकद २०० गुणांची असते आणि सैन्याच्या तुकडीची १००. धनुर्धर दोन घरांवरून मारतो, पण शहरही दोनच घरांपर्यंत मारते, त्यामुळे तुकड्या एकेक करून पुढे गेल्या तर एकेक करूनच मरतात. धाकट्याने चार धनुर्धर, एक हत्ती आणि एक भालाईत तीन घरांच्या अंतरावर आणून थांबवले. नदी ओलांडली की त्या खेळीची चाल संपते, म्हणून ती त्याने आदल्याच खेळीत ओलांडून घेतली. मधल्या जंगलामुळे एका धनुर्धराला शहर दिसत नव्हते, त्याला त्याने बाजूच्या टेकडीवर चढवले. भालाईत सर्वांत पुढे गेला आणि मोर्चा बांधून बसला. पुढच्या खेळीत सारे एकदम आत शिरले. शहर एका खेळीत एकाच तुकडीवर मारा करू शकते. जिला तो लागला, तिला धाकट्याने मागे घेतले आणि मोकळ्या जागी दुसरी आणली. मात्र केवळ बाणांनी शहर पडत नाही. त्याची ताकद संपल्यावर कोणीतरी पायी आत जावे लागते, आणि ते काम भालायताचे असते.

मचाणीवरून उत्तरेला जी काळी रेघ दिसते, तो गाविलगडाचा डोंगर आहे. १८०३ च्या डिसेंबरात नागपूरच्या भोसल्यांच्या ताब्यातील या किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडला. दक्षिणेच्या चढावरून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या तोफांचा फारसा उपयोग होईना. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने रस्ते करत जड तोफा डोंगरातून ओढून उत्तरेच्या बाजूला नेल्या आणि तिथे तटाला खिंडार पाडले. तरीही आतला कोट शाबूत होता. १५ डिसेंबरला कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिडी लावून त्यावर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला, तेव्हा गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना कामी आला. शहर फोडणे आणि शहरात शिरणे ही वेगळी कामे आहेत, हे या भागातल्या माणसाला त्या डोंगराकडे पाहून समजते.

लोखंड आणि घोडे यांचीही खूण विदर्भाच्या मातीत सापडते. खेळात प्राणीपालनाची विद्या आली की नकाशावर घोडे उमटतात आणि कांस्यकाम आले की लोखंड. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे महापाषाण काळातील लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे, आणि नागपूरजवळील माहुरझरीच्या शिलावर्तुळांत, म्हणजे भोवती दगडांचे कडे रचलेल्या दफनांत, घोड्यांचे अवशेष तांब्याच्या अलंकारांसह मिळाले आहेत.

शहर हाती आले. थोरल्याला लगेच पुढच्या शहरावर जायचे होते, पण धाकट्याने नकार दिला. भारताला प्रत्येक शहरामागे इतरांच्या दुप्पट असंतोष सोसावा लागतो, आणि समाधान शून्याखाली गेले की साऱ्या राज्याची वाढ खुंटते. जिंकलेले शहरही त्याने थेट राज्यात सामील केले नाही, मांडलिक म्हणून ठेवले. राष्ट्रीय महाविद्यालय बांधण्यासाठी आपल्या प्रत्येक शहरात ग्रंथालय असावे लागते आणि मांडलिक शहर त्या मोजणीत धरले जात नाही. राजधानीच्या विज्ञानात निम्म्याची भर घालणारे ते महाविद्यालय त्याला या शहरापायी लांबवायचे नव्हते.

त्याने संशोधनाच्या यादीत तत्त्वज्ञानावर बोट ठेवले, धनुर्धरांना माघारी नदीच्या उतारापाशी उभे केले आणि मोबाईल थोरल्याच्या हाती दिला. धुऱ्याकडच्या तुरीत काहीतरी सळसळले होते, म्हणून तो बॅटरी घेऊन मचाणीवरून खाली उतरला.