वृद्ध कुत्र्या-मांजरांचे चालणे-फिरणे सुसह्य व्हावे म्हणून

मित्रहो, वयस्क कुत्र्याला दवाखान्यात घेऊन येणारी मंडळी बहुतेक वेळा लस टोचून घेण्यासाठी किंवा अंगाच्या खाजेसाठी आलेली असतात, आणि निघता निघता सांगतात, "हल्ली तो फारसा उठत नाही, वय झाले ना आता." माझे आजचे सारे बोलणे या एका वाक्याविषयी आहे. बारा वर्षांचा कुत्रा मंदावतो हे खरे. परंतु त्या मंदावण्यामागे पुष्कळदा दुखणे असते, आणि त्या दुखण्यावर उपचार असतो. शेतातला बैल लंगडू लागला की त्याच दिवशी मालकाच्या ध्यानात येते, कारण औत थांबते. घरातल्या कुत्र्यावाचून कोणतेच काम अडत नाही, म्हणून त्याचे लंगडणे महिनोन्महिने कोणाच्या नजरेत भरत नाही.

दुखणारा सांधा घेऊन कुत्रा क्वचितच विव्हळतो. तो काही गोष्टी करणे सोडून देतो. दाराची घंटा वाजली तरी जागेवरूनच भुंकतो, गाडीत उडी मारण्याऐवजी वर बघत उभा राहतो, बसताना एक पाय बाजूला टाकून बसतो, रात्री जागा बदलत राहतो, आणि लहान मुलाने कमरेला हात लावला तर गुरगुरतो. ज्याचा स्वभाव आयुष्यभर शांत होता असा कुत्रा उतारवयात चिडचिडा झाला, तर आधी त्याचे सांधे आणि दात तपासून घ्यावेत.

सांध्यात नेमके काय होते, ते थोडक्यात सांगतो. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि कडेने नवे हाड वाढू लागते. सांधा दुखतो म्हणून प्राणी तो पाय कमी वापरतो, न वापरलेला स्नायू बारीक होतो, आणि स्नायूचा आधार गेला की सांध्यावरचा ताण आणखी वाढतो. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड या जातींत वाढीच्या वयातच खुब्याचा सांधा सैल पडण्याचे प्रमाण मोठे आहे, आपल्याकडच्या पॉमेरेनियनमध्ये गुडघ्याची वाटी सरकते, तर डॅशहुंडमध्ये पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या निसटतात. मात्र प्रत्येक लंगडणे झिजेचे नसते. आपल्या हवामानात गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही सांधे दुखतात, आणि तो आजार रक्ततपासणीत सापडून औषधाने बरा होऊ शकतो. चालताना पंजा उलटा पडत असेल किंवा नखे पुढून घासली जात असतील, तर बिघाड मज्जातंतूंचा असू शकतो. मागचे पाय अचानक लुळे पडले तर त्याच दिवशी, तासांचा हिशेब करत, दवाखाना गाठावा. मांजराच्या बाबतीत तर ती रक्ताची गुठळी अडकल्याचीही खूण असते.

आता वजनाविषयी. हा विषय काढला की घरातली मंडळी नाराज होतात, हे मला ठाऊक आहे; तरीही सर्वांत जास्त फरक याच एका गोष्टीने पडतो. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. कमी खाणारे कुत्रे सरासरी १३ वर्षे जगले, भरपूर खाणारे ११.२ वर्षे, आणि सांधेदुखीवर उपचार करण्याची वेळ कमी खाणाऱ्यांवर सुमारे तीन वर्षे उशिरा आली. आपल्या घरांत जेवणाची वाटी मोजून भरली जाते, पण प्रत्येकाच्या ताटातून पडणारा पोळीचा तुकडा, चहाबरोबरचे बिस्कीट आणि आजोबांनी गुपचूप दिलेला पेढा कोणी मोजत नाही. दहा किलोच्या, फारशी हालचाल न करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ४०० ते ५०० कॅलरी पुरतात. तूप लावलेल्या दोन पोळ्यांतच त्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा संपतो. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, परंतु हात फिरवल्यावर सहज लागाव्यात, एवढी खूण घरी पुरेशी आहे. मांजराचे खाणे मात्र कधीही एकदम तोडू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते.

यानंतर घराची फरशी. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल ही वृद्ध कुत्र्याची आपल्या शहरांतली मोठी शत्रू आहे. उठताना मागचे पाय दोन्हीकडे फाकतात, आधीच दुखणाऱ्या खुब्याला हिसका बसतो, आणि दोन-तीनदा असे घडले की कुत्रा उठायचीच भीती बाळगू लागतो. उपाय महाग नाही. त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी मॅट किंवा योगासनांची मॅट सलग पसरावी. नुसती सतरंजी टाकल्यास ती त्याच्यासकट सरकते, म्हणून तिच्याखाली जाळीदार रबर हवे. नखे वेळेवर कापावीत आणि पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस काढावेत, कारण केसांवर तो घसरतो. झोपायला जुन्या गोधड्यांची जाड घडी चांगली, तीही पंख्याच्या थेट झोताखाली किंवा पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीलगत नको. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी जुना पंचा किंवा ओढणी पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घ्यावी आणि जिना चढताना तिने मागचा भार उचलून धरावा.

फिरणे बंद करू नये. आठवडाभर घरात आणि रविवारी टेकडीवर दोन तास, हा क्रम मात्र सांध्यांना सोसत नाही. रोज दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, मातीवर किंवा गवतावर, उन्हे चढण्यापूर्वी, हे उत्तम. निघण्याआधी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटे सांध्यावर ठेवली तर ताठरपणा कमी होतो. नव्या, सुजलेल्या दुखापतीवर ती ठेवू नये.

मांजरांविषयी मला कळकळीने बोलायचे आहे, कारण त्यांच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बारा वर्षांवरील मांजरांच्या एक्स-रे चित्रांच्या एका अमेरिकी पाहणीत ९० टक्के मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली होती. मांजर सहसा लंगडत नाही. ते कपाटावर चढणे सोडते, ओट्यावर जाताना मध्ये स्टुलावर थांबते, पाठीच्या मागच्या भागापर्यंत मान वळत नसल्याने तिथल्या केसांच्या गाठी होतात. शी-शूच्या ट्रेच्या बाहेर घाण केली म्हणून ज्याला ओरडा बसतो, त्या म्हाताऱ्या बोक्याला अनेकदा ट्रेची उंच कड ओलांडताना दुखत असते. एका बाजूने चार-पाच सेंटिमीटर एवढीच कड असलेला पसरट ट्रे द्यावा आणि आवडत्या खिडकीपाशी पायरीसारखा बाक ठेवावा. नखे मात्र दर महिन्याला पाहावीत. वृद्ध मांजराची नखे झिजत नाहीत आणि वळून गादीत रुततात.

औषधांबाबत मी कठोर आहे. घरातल्या माणसांची गोळी प्राण्याला देऊ नये. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी यकृतातली प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. (जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे २००६ साली बंदी आली ती मेलेली जनावरे खाणारी गिधाडे त्याने मरत होती म्हणून; तेव्हा पर्याय म्हणून पुढे आलेले मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक आज कुत्र्यांच्या सांधेदुखीतही वापरले जाते.) मेलॉक्सिकॅम सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी करावी, ते जेवणाबरोबर द्यावे, स्टेरॉइडसोबत कधीही देऊ नये, आणि उलटी किंवा काळी शी दिसताच थांबवून डॉक्टरांना कळवावे. सांध्यांसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांविषयीचा पुरावा कमकुवत आहे. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ विषयीचा त्याहून बरा आहे.

तपासणीला येताना घरातल्या चालण्याचा आणि उठण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणावा. दवाखान्यात भीतीपोटी प्राणी ताठ चालतो आणि खरे काही दिसत नाही.

जो प्राणी उठूच शकत नाही, त्याला दर तीन-चार तासांनी कूस बदलून द्यावी, कोपर आणि खुब्यावरची कातडी रोज पाहावी, लघवीने ओला झालेला भाग धुऊन कोरडा करावा. हे काम एकट्याने निभत नाही. घरातल्यांनी ते वाटून घ्यावे. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज चार गोष्टी लिहाव्यात: त्याने खाल्ले का, आधाराने का होईना उभा राहिला का, रात्री शांत झोपला का, आपण जवळ गेल्यावर त्याला बरे वाटले का. वेदनारहित मृत्यूचा निर्णय कधी घ्यावा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ते एका बैठकीत, रडत रडत ठरवण्यापेक्षा तीन-चार आठवड्यांच्या अशा नोंदी समोर ठेवून आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि शक्य असल्यास डॉक्टरांना घरी बोलवावे, म्हणजे प्राण्याला जिन्यावरून खाली नेण्याचा त्रास पडत नाही.