पाच जण जास्त

नमस्कार श्रोतेहो. आज एका निकालपत्राबद्दल बोलायचंय, दुसऱ्या महायुद्धात रोममध्ये झालेल्या कत्तलीच्या खटल्याच्या. निकालपत्र म्हटलं की तुम्ही रेडिओचा कान पिरगाळता, ठाऊक आहे मला. पण या निकालपत्रात एक हिशेब आहे, आणि तो हिशेब चुकलेला आहे. तेवढा ऐका. तेहतीस गुणिले दहा किती? तीनशे तीस. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

गाव रोम. तारीख २३ मार्च १९४४. इटलीने आदल्या सप्टेंबरातच शरणागती पत्करली होती, त्यामुळे कालपर्यंत दोस्त असलेले जर्मन आता मालक होऊन शहरावर बसले होते. विया रासेला नावाची एक चढाची, अरुंद गल्ली आहे. त्या गल्लीतून जर्मन पोलिसांची एक तुकडी गाणी म्हणत जायची. त्या दुपारी तिथे झाडूवाल्याची कचरागाडी उभी होती. झाडूवाला म्हणजे वेश पालटलेला मेडिकलचा विद्यार्थी, प्रतिकार चळवळीतला. कचऱ्याखाली स्फोटकं. त्याने वात पेटवली आणि तो चालता झाला. ३३ पोलीस मेले, काही जागीच, काही दवाखान्यात. रस्त्याने चाललेला एक इटालियन मुलगाही गेला.

वरून हुकूम आला, एकास दहा, म्हणजे मेलेल्या एका पोलिसामागे दहा माणसं मारायची. आणि चोवीस तासांच्या आत.

रोममधल्या गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, प्रमुख होता हर्बर्ट काप्लर. हा गृहस्थ रोमच्या ज्यूंना चांगला माहीत होता. सहाच महिन्यांपूर्वी त्याने त्यांच्याकडून छत्तीस तासांत पन्नास किलो सोनं मागितलं होतं. बायकांनी बोटातल्या अंगठ्या काढून दिल्या. सोनं भरलं, आणि महिना उलटायच्या आत हजाराहून जास्त ज्यूंना धरून आउशवित्झच्या मृत्युछावणीच्या गाडीत घातलं. सोन्याची पावती मागणाऱ्यांना पावतीसुद्धा मिळाली नव्हती.

तर काप्लर रात्रभर यादी करत बसला. ज्यांनी बॉम्ब लावला त्यांची यादी नव्हे बरं का. त्यांना शोधलंच नाही. यादी आधीपासून तुरुंगात असलेल्यांची. विया तास्सोवरची गेस्टापोची कोठडी आणि रेजिना चेली हा शहरातला मोठा तुरुंग. मृत्युदंडाला पात्र असे कैदी पुरेनात. मग खटला न चाललेले घेतले, नुसत्या संशयावर धरलेले घेतले, आणि ज्यू घेतले, ज्यू असणं हाच गुन्हा. तरी भरेनात, तेव्हा इटालियन पोलीसप्रमुखाकडे पन्नास माणसं मागितली. त्यानेही दिली. यादी ३२० ची झाली. दुसऱ्या दिवशी कळलं, आणखी एक जखमी पोलीस दगावला. काप्लरने कुणालाही न विचारता आणखी दहा नावं वाढवली. तीनशे तीस.

आता ती दुपार. मी ती नेहमी सविस्तर सांगतो. आमचे निर्माते काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत, दाखवू देत.

शहराबाहेर आर्देआतीना रस्त्याला जुन्या खाणी आहेत. तिथली ज्वालामुखीची माती रोमन लोक बांधकामाच्या चुन्यात कालवायचे, त्यामुळे आत लांबच लांब बोगदे झालेले. फोसे आर्देआतीने म्हणतात. २४ मार्चला दुपारी तिथे ट्रक लागले. कैद्यांचे हात पाठीमागे दोरीने बांधलेले. खाणीच्या तोंडाशी एक जर्मन कॅप्टन यादी घेऊन उभा, एरिक प्रीबके त्याचं नाव. पाच जणांना खाली उतरवायचं, नाव विचारायचं, यादीत खूण करायची, आत न्यायचं. आत मशालींचा उजेड. गुडघ्यावर बसवायचं आणि मानेत मागून एक गोळी. परत पुढचे पाच. प्रत्येक माणसाला एकच गोळी, म्हणजे वेळही वाचतो. जागा अपुरी पडायला लागली तसं पुढच्यांना आधीच्या प्रेतांवर चढून गुडघे टेकायला लावलं. गोळ्या घालणाऱ्यांचे हात लटपटायला लागले, तर त्यांना कोन्याक, म्हणजे ब्रँडी पाजली. कॅप्टन स्वतःही आत जाऊन गोळ्या घालून आला. पंधरा वर्षांचा एक मुलगा बापाबरोबर आला होता. एक पाद्री होता. एक कर्नल होता. बाकी वकील, मास्तर, फेरीवाले.

आणि संध्याकाळ होता होता प्रीबकेच्या लक्षात आलं, माणसं उरलीत, यादी संपली. खूण करायला नावच नाही. पाच जण जास्त आलेले. तुरुंगातून घाईघाईने माणसं काढताना मोजणीत घोळ झाला होता.

पाच जण, ज्यांना कुणी मारायला सांगितलं नव्हतं. हिटलरने नाही, सेनापतीने नाही, काप्लरच्या यादीनेही नाही. आता काय करायचं? परत पाठवायचं? त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनाही आत नेलं.

तीनशे तीस अधिक पाच. तीनशे पस्तीस.

रात्री सुरुंग लावून खाणीचं तोंड बंद केलं. मग सरकारी पत्रक निघालं, ३२ मेले म्हणून एकास दहा मारले जातील, आणि शेवटचं वाक्य, हुकमाची अंमलबजावणी झालेली आहे. हे नीट ऐका श्रोतेहो, कारण अजूनही लोक म्हणतात की बॉम्बवाले शरण आले असते तर बाकीचे वाचले असते. शरण या असं कुणी म्हणालंच नव्हतं. आधी गोळ्या, मग बातमी. इटलीच्या कोर्टांनीही हेच नोंदवलंय. आधी गोळ्या, मग बातमी.

लोक बरेच दिवस तीनशे वीसच धरून चालले होते. जूनमध्ये रोम मुक्त झालं. (त्याच उन्हाळ्यात, १० जुलैला, उत्तरेकडे टायबरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले. इटली म्हटलं की आपण पिझ्झा म्हणतो. त्यांच्या माणगावात जाऊन विचारा, इटली म्हणजे काय ते.) तर जुलैत अत्तिलिओ आस्कारेल्ली नावाचे न्यायवैद्यकाचे डॉक्टर खाणीत उतरले. सल्ला असा होता की आता हे उकरू नका, वर एक स्मारक बांधून मोकळे व्हा. घरच्यांनी ऐकलं नाही, आमचं माणूस आम्हाला वेगळं द्या म्हणाले. मग कोटाचं कापड, किल्ल्या, अंगठी, खिशातली चिठ्ठी, असं एकेक बघत डॉक्टरांनी महिनोन् महिने माणसं वेगळी केली. मोजली. ३३५ भरली.

आता निकाल. रोमचं लष्करी न्यायालय, २० जुलै १९४८. काप्लर म्हणाला, मी हुकमाचा ताबेदार, आणि हा युद्धातला कायदेशीर बदला होता. न्यायालय म्हणालं, बदला कायदेशीर नव्हता, प्रमाणाबाहेर होता. पण ३२० माणसांपुरतं असंही म्हणालं की हुकूम बेकायदा आहे हे काप्लरला कळत होतं, असं खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे ३२० बाजूला. मग उरले कोण? आपल्या मनाने वाढवलेले दहा आणि चुकून आलेले पाच. त्या पंधरा जणांसाठी काप्लरला जन्मठेप झाली. सोन्याच्या खंडणीसाठी आणखी पंधरा वर्षं. त्याच्याबरोबरचे बाकी आरोपी हुकमाच्या नावाखाली सुटले.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. ३२० चं काय? राग अजून गेलेला नाही. पण त्या पाच जणांपाशी हुकमाची ढाल लावायला जागाच नव्हती, आणि न्यायालयाने बोट नेमकं तिथेच ठेवलं.

काप्लर पुढे १९७७ मध्ये रोमच्या लष्करी दवाखान्यातून पळाला. कॅन्सरने वाळून गेला होता, बायकोने सुटकेसमधून नेला असं ती सांगायची. काही महिन्यांत जर्मनीत मेला.

यादीवाला प्रीबके मात्र अर्जेंटिनात बारिलोचेला स्वतःच्या नावाने राहत होता. १९९४ मध्ये अमेरिकन टीव्हीच्या पत्रकाराने त्याला भर रस्त्यात गाठलं. रोमला आणला. १ ऑगस्ट १९९६ ला लष्करी न्यायालय म्हणालं, दोषी आहे, पण या गुन्ह्याला शिक्षा करायची कायद्याने घातलेली मुदत उलटून गेली, सोडा. मृतांच्या नातेवाइकांनी कोर्टाला वेढा घातला, रात्री उशिरापर्यंत कुणाला बाहेर पडू देईनात, शेवटी त्याला पुन्हा अटक झाली. आणि आपल्याकडे अशा बातमीचा मथळा काय येतो? ‘निर्दोष मुक्तता’. अहो, मुदत उलटणं वेगळं आणि निर्दोष असणं वेगळं! वीस वर्षं मी बातम्यांच्या टेबलावर हे ओरडून सांगतोय. असो. १९९८ मध्ये अपिलात प्रीबकेला जन्मठेप झाली, युद्धगुन्ह्याला मुदत नसते म्हणून. वयामुळे ती घरातच भोगली. २०१३ मध्ये मेला, वय शंभर.

खाणीशेजारी आता एकच भलामोठा दगडी स्लॅब आहे, बुटका. खाली ओळीने कबरी, आणि भिंत नि स्लॅब यांच्यामध्ये उजेडाची बारीक फट. प्रत्येक कबरीला क्रमांक. बहुतेकांवर फोटो, नाव, वय, धंदा. मी वाचत गेलो होतो, व्यापारी, सुतार, विद्यार्थी... त्या पाच जणांची रांग वेगळी नाही. आपण शोधायला जातो आणि सापडत नाही.

अरे, वेळ संपली. कार्ल हासचं राहिलंच! तो त्या खाणीत होता. प्रीबकेच्या खटल्यात साक्ष द्यायला त्याला रोमला आणलं, हॉटेलात ठेवलं. साक्षीच्या आदल्या रात्री म्हातारा बाल्कनीतून पळायला गेला आणि खाली पडला, हाडं मोडली. साक्ष चुकली नाही. दवाखान्यात खाटेवरून घेतली. साक्षीदार म्हणून आला आणि आरोपी होऊन राहिला, प्रीबकेबरोबर त्यालाही जन्मठेप. नमस्कार.