कोच जोखायचा तर बाकाकडे बघा

मंडळी, अमेरिकेत विद्यापीठाच्या गावी राहणाऱ्यांना हे सांगायला नको: सप्टेंबर लागला की शनिवार अमेरिकन फुटबॉलचा. संघ हरला की सोमवारपासून एकच ओरड, हेड कोचला काढा. जिंकला तर तोच थोर नेता. हा हिशेब मला मान्य नाही. विजयात पैसा असतो, भरती असते, वेळापत्रकाचं नशीब असतं. नेतृत्व बघायचं तर ज्या खेळाडूचा कोचला आज काडीचा उपयोग नाही, त्याच्याशी तो कसा वागतो ते बघा.

८ जानेवारी २०१८. अटलांटात राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. मध्यंतराला अलाबामा ०-१३ ने मागे. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, जेलन हर्ट्स हा दोन वर्षांत जेमतेम दोन सामने हरलेला मुलगा. अलाबामाचे कोच निक सेबननी त्याला बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवाइलोआला उतरवलं. जादा डावात अलाबामा २६-२३ ने जिंकला. त्या निर्णयाचं कौतुक खूप झालं, पण मला त्याच्या पुढचे अकरा महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. त्याच वर्षी नियम बदलला होता: मोसमात चारपर्यंत सामने खेळूनही खेळाडूला आपल्या खेळायच्या ठराविक वर्षांतलं ते वर्ष वाचवता येऊ लागलं, यालाच रेडशर्ट म्हणतात. चार सामन्यांनंतर थांबायची आणि ते वर्ष दुसरीकडे नेऊन वापरायची वाट हर्ट्सला मोकळी होती. तो थांबला नाही, पाचव्या सामन्यातही उतरला. १ डिसेंबरला त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला. संघ २१-२८ ने मागे असताना हर्ट्स आत आला आणि ३५-२८ ने सामना काढून दिला. पुढे पदवी घेऊन तो ओक्लाहोमाला गेला.

बसवलेला माणूस अशा क्षणी तयार सापडतो, तो एका भाषणाने नव्हे. दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला सरावात खरे डाव किती मिळतात, आठवड्याच्या बैठकीत त्याला प्रश्न विचारले जातात की नाही, हे रोजचं काम आहे. हर्ट्सचा स्वभाव मोठा, हे खरंच. पण नुसत्या स्वभावावर कुणी अकरा महिने धार टिकवत नाही.

आता कुणी म्हणेल, ते दिवस गेले. खरं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी आली. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी जुलैपासून स्वतःच्या नावावर कमाई करायचीही. २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदली करता येते. त्यामुळे ‘पंचवीस पोरं सोडून गेली, म्हणजे कोच वाईट’ असा सरळ अर्थ काढू नका. यादी घ्या आणि चाळा. जाणारा नियमित खेळणारा होता की तिसऱ्या फळीतला? मोठ्या संघात गेला की लहान? कोचचं पहिलं वर्ष आहे का? पहिल्या वर्षी पडझड होतेच. मी तिसऱ्या वर्षाकडे बघते: याच कोचने स्वतः घरी जाऊन आणलेली मुलं तिसऱ्या वर्षी किती उरली? नियमित खेळणारे, त्याच दर्जाच्या दुसऱ्या संघाकडे एका दमात गेले, तर तिथे खोलात शिरायला हवं.

उलटी खूणही असते. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इंडियाना विद्यापीठात आले, तेव्हा जुन्या संघातले डझनभर खेळाडू त्यांच्यामागोमाग आले. २०२३ मध्ये तीनच सामने जिंकलेला इंडियाना २०२४ मध्ये अकरा जिंकला. खेळायला मिळेल ही आशा त्यात होतीच, पण ज्याचा शब्द आधी खोटा ठरलाय त्याच्यामागे इतके जण जात नाहीत.

एपीआर, म्हणजे संघाच्या अभ्यासातल्या प्रगतीचा हजारपैकी निर्देशांक, या आकड्यावर फार विसंबू नका. प्रत्येक स्कॉलरशिपवाल्या खेळाडूला सत्रामागे दोन गुण: पात्र राहिल्याचा एक, टिकून राहिल्याचा एक. ८५ जणांच्या संघाचे दोन सत्रांत ३४० गुण होतात. त्यातले २३ गेले तर निर्देशांक ९३२, २४ गेले तर ९२९, आणि चार वर्षांच्या सरासरीची किमान रेषा ९३०. चांगले गुण मिळवून दुसरीकडे गेलेल्याचा टिकण्याचा गुण मात्र बरेचदा कापला जात नाही. म्हणजे अभ्यासाची व्यवस्था नीट असलेल्या कॉलेजात खेळाडू कंटाळून गेले तरी आकडा छान दिसू शकतो.

आता सगळ्यात जड गोष्ट. २९ मे २०१८ ला मेरीलँड विद्यापीठात धावण्याच्या सरावात १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर उष्माघाताने कोसळला. अशा वेळी त्याला जागच्या जागी थंड पाण्याच्या टबात बसवायचं असतं; आधी थंड करायचं, मग हलवायचं. ते झालं नाही. लक्षणं दिसल्यापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत दीड तासाहून अधिक वेळ गेला. १३ जूनला तो वारला. नंतरच्या चौकशी आयोगाने म्हटलं की अनेक खेळाडूंना बोलायची भीती वाटत होती, आणि त्यामुळे दुखणी आत मुरत गेली. हेड कोचला ३१ ऑक्टोबरला काढलं.

यातून बघायची जागा कळते: स्ट्रेंग्थ कोच, म्हणजे व्यायाम करवून घेणारा कोच. मोसमाबाहेर खेळाडूंचा सर्वाधिक वेळ हेड कोचबरोबर नव्हे, याच्याबरोबर वेटरूममध्ये जातो. त्याला कोण निवडतो, त्याच्या तोंडी काय भाषा असते, त्याला कोण अडवू शकतो, हे विचारा. आणि ॲथलेटिक ट्रेनरने, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्याने, ‘हा आज खेळणार नाही’ म्हटलं की विषय संपतो का? नियमाने संपलाच पाहिजे. कोच ट्रेनरकडे तिसऱ्यांदा फेरी मारताना दिसला की समजा, तिथे नियम कागदावरच आहे.

सराव बघायला मिळाला तर चेंडूच्या मागे नजर फिरवू नका. कोपऱ्यात जखमी मुलं सायकल मारत असतात, तिकडे बघा. हेड कोच तासाभरात एकदा तरी तिथे जातो का, नावाने बोलतो का? कुणाच्या हातून चेंडू सुटला की पुढच्या दहा सेकंदांत त्याच्याकडे कोण येतं? ओरडण्याबद्दल माझी तक्रार नाही. ओरडल्यानंतर चूक दाखवून तोच डाव त्याच मुलाकडून पुन्हा करवून घेतला, तर ते शिकवणं. नुसतं बाहेर काढलं, तर अपमान.

शेवटी, माणसांशी बोला. पात्रतेची वर्षं संपलेल्या काही खेळाडूंची मुलाखत घ्यावी असा नियम आहे, पण मधेच सोडून गेलेला त्यातून सहज निसटतो, आणि सांगण्यासारखं बरंच त्याच्याकडेच असतं. सहा महिन्यांनी, क्रीडा विभागाबाहेरच्या माणसाने त्याला फोन करावा. स्कॉलरशिपशिवाय चार वर्षं राबलेल्या वॉक-ऑनलाही करावा. ‘कोच कसे होते?’ असं विचारू नये. उत्तर ‘छान’ असंच येतं. ‘तुझी जागा गेली हे तुला कुणी सांगितलं?’ असं विचारावं. हेड कोचने खोलीत बोलावून सांगितलं, त्याच्या जागेच्या खेळाडूंना शिकवणाऱ्या पोझिशन कोचने जाता जाता सांगितलं, की भिंतीवरच्या डेप्थ चार्टवर, म्हणजे प्रत्येक जागेच्या क्रमवारीच्या तक्त्यावर, नाव खाली गेलेलं दिसलं? दहा जणांची ही उत्तरं शेजारी शेजारी लिहून काढावीत, आणि मगच कोचचा करार वाढवायच्या बैठकीला बसावं.